ज्वारी, बरबटी आणि गयाबाईची मूठ

ग्रामसेविका म्हटलं की लोकांना शिवणयंत्र आठवतं, नाहीतर निर्धूर चूल. माझ्या सासरी तर लग्नानंतर कितीतरी दिवस मी दवाखान्यात नर्स आहे असाच समज होता. कुणाचं पोट दुखलं की मला हाक यायची आणि मीही ओवा-मीठ देऊन वेळ मारून नेत असे. दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काही लिहा असा निरोप आला, तेव्हा घरच्यांनी सुचवलं की चुलींवर लिही. चुलींवर मी लिहिणार नाही. बसवलेल्या चुलींपैकी निम्म्या बायांनी महिन्याभरात फोडून टाकल्या आणि त्यांचं काही चुकलं नाही, त्या चुलींवर भाकरी फुगत नव्हती.

मी लिहिणार आहे एका एकराबद्दल. त्या एकरात मी एक चूक केली आणि ती पाच महिने दुसऱ्या बाईच्या नावावर राहू दिली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझी पहिली नेमणूक अल्लीपूरच्या पुढच्या एका लहान गावात झाली. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून ओळखीची आहेत. मी हिंगणघाटच्या कापडदुकानदाराची मुलगी. गहू आणि ज्वारी मला पिठात ओळखू येत, शेतात नाही. प्रशिक्षणात परसबाग शिकवली होती, तेवढीच माझी शेती. बालवाडी बघायची, लेकरांना सुकडी वाटायची, महिला मंडळ भरवायचं, ही माझी कामं. शेतीचं काम ग्रामसेवकाचं. पण त्या वर्षी ऐन मृगात आमचे ग्रामसेवक कावीळ होऊन अंथरुणाला खिळले आणि तालुक्याच्या विस्तार अधिकारी साहेबांनी त्यांचं एक काम माझ्या गळ्यात घातलं.

काम असं होतं. आमच्याकडे गव्हाचं रान पावसाळाभर रिकामं ठेवायची रीत होती. चार महिने नुसतं वखरत राहायचं आणि कार्तिकात गहू पेरायचा. सपाट रानात ते चालून जातं. पण नाल्याच्या उतारावर जमीन उघडी टाकली की पाऊस वरची काळी माती धुऊन नेतो. साहेबांचं म्हणणं, त्या रानात पावसाळ्यात ज्वारी आणि बरबटी एकत्र पेरा. बरबटी म्हणजे पुण्या-मुंबईकडची चवळी. ज्वारीची मुळं माती धरून ठेवतात, बरबटीचा वेल जमीन झाकतो. शिवाय बरबटीच्या मुळांवर बारक्या गाठी येतात. नखानं फोडून पाहिली आणि आतून लालसर निघाली की समजायचं, खत तयार होतंय. फुलोरा आला की थोडं गुरांना कापायचं आणि बाकी सगळं नांगरून मातीत गाडायचं. त्याआधी मात्र गुरं आत सोडायची नाहीत. कोवळी ज्वारी जनावराला बाधते, किराळ लागला, म्हणजे तिचं विष चढलं, की डोळ्यांदेखत बैल आडवा होतो.

दोन्ही एकत्रच का, हे मी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "नुसती ज्वारी गाडली तर ती कुजताना जमिनीतलंच खत खाते आणि वरचा गहू पिवळा पडतो. नुसती बरबटी गाडली तर ती आठ दिवसांत कुजून जाते, गव्हाला पुरत नाही. दोघींचा संसार एकत्रच बरा." मला ते वाक्य इतकं आवडलं की महिला मंडळात मी ते स्वतःचं म्हणून दोनदा वापरलं.

एकरभर रान द्यायला नामदेवभाऊ तयार झाले. साठीच्या पुढचे, तोंडानं फटकळ, मनानं मऊ. त्यांचं नाल्याकाठचं वावर दरवर्षी धुऊन जाई आणि खाली पिवळा मुरूम दिसायला लागला होता. ते म्हणाले, "बाई, हे वावर माह्या बापानं माहा हात धरून दाखवलं होतं. आता याची हाडं दिसून राह्यली. करा तुमाले काय कराचं थे."

मी तालुक्याला गेले. गोदामात ताडपत्री अंथरली, परिपत्रकात दिलं होतं त्या प्रमाणात ज्वारी आणि बरबटी ओतली आणि फावड्यानं तीन वेळा खालीवर करून एकजीव केली. पोत्यात भरली, तोंड सुतळीनं शिवलं, वर चिठ्ठी लावली. नवी नोकरी, अंगात नुसता उत्साह. गावापर्यंत बंडीनं आले. त्या रस्त्याचं काय वर्णन करू, चाक एका खड्ड्यातून निघे ते दुसऱ्यात जायलाच. पोतं घरंगळू नये म्हणून मी त्या पोत्यावरच बसून आले.

आता गयाबाई.

गयाबाई पंचेचाळिशीची असेल. काळी, उंच, कमी बोलणारी. बालवाडीत सुकडी वाटायला ती मला मदत करायची. मी एकदा पाहिलं की ती माप वापरत नाही, मुठीनं देते. मी म्हटलं, हे चालायचं नाही, सगळ्या लेकरांना सारखं मिळायला हवं. ती हसली आणि म्हणाली, "तोलून पाहा." मीही हट्टाची. पाच मुठी पाच कागदांवर घेतल्या आणि दुकानातल्या तागडीत एकमेकींसमोर टाकल्या. तागडी हलली नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, तुम्ही कोणाची परीक्षा घेऊन राह्यल्या? पंचक्रोशीत चाड्यावर हिची मूठ होती."

चाडं म्हणजे तिफणीवरचा लाकडी वाडगा. त्याला खाली भोकं असतात आणि त्यातून बी नळ्यांनी जमिनीत उतरतं. पुरुष तिफण हाकतो, पण मागून चालत चाड्यात बी सोडते ती बाई. पदराची ओटी करून त्यात बी घ्यायचं आणि चालता चालता मुठीनं सोडत जायचं. जास्त सुटलं की पीक दाटतं, कमी सुटलं की तास रिकामे राहतात. सगळं वर्ष त्या मुठीवर असतं. आणि दुकानदार 'होती' म्हणाला, ते माझ्या कानाला लागलं. दोन वर्षांपूर्वी गयाबाईचा नवरा गेला होता. तेव्हापासून तिला निंदणाला बोलावत, कापूस वेचायला बोलावत, पण चाड्यावर कुणी बोलावत नसे. त्या गावात पहिली मूठ सवाष्णीची, असा रिवाज होता.

मला राग आला. तेव्हा मला कशाचाही राग यायचा. मी नामदेवभाऊंना सांगितलं, बी सरकारी आहे, चाड्यावर गयाबाई राहील, नाहीतर पोतं परत नेते. ते डोकं खाजवत बसले. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, आतून आवाज दिला, "येऊ द्या हो तिले. तिच्या मुठीचं आपणच तं खाल्लं इतके वर्सं."

पेरणीच्या सकाळी गयाबाई धुवट लुगडं नेसून आली. पोत्याचं तोंड उघडलं, तिनं आत नुसतं पाहिलं आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "ताई, हे बी रस्त्यानं हललेलं हाये. असं नोका पेरू. मले दोन्ही येगळं येगळं द्या, मी ओटीतच मिसळीन."

मी म्हटलं, "गयाबाई, प्रमाणात मिसळून आणलंय. त्याला हात लावायचा नाही."

"पण ताई..."

"तुमच्यासाठी मी इतकी भांडले, आता तुम्हीच खोड काढता?"

तिनं पदराची ओटी केली. ओटी भरून घेतली आणि तिफणीमागे चालू लागली. तीन ओट्यांत एकर पेरून झाला. तिची चाल बघायला शेजारच्या वावरातल्या बाया धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन उभ्या राहिल्या होत्या. दोन वर्षांनी तिच्या हातात चाडं आलं होतं. दुपारी भाकर खाताना तिनं आपली मूठ दोनदा उघडून पाहिली, ते मला अजून दिसतं.

पंधरा दिवसांनी वावर वर आलं आणि गाव बघायला गेलं. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात नुसती बरबटी. खालच्या तिसऱ्या हिश्श्यात नुसती ज्वारी, केसासारखी दाट. मधल्या पट्ट्यात मात्र दोन्ही नीट, हव्या तशा.

कुणी पोत्याबद्दल विचारलं नाही. विचारायचं काही उरलंच नव्हतं. "मुंडल्या बाईचा हात लागला, दुसरं काय व्हनार," असं विहिरीवर बोललं गेलं. बोलणाऱ्यांत त्या दिवशी धुऱ्यावर उभ्या राहिलेल्या बायाही होत्या. नामदेवभाऊ काही बोलले नाहीत, पण माझ्याशी बोलणंही त्यांनी बंद केलं. साहेब पाहणीला आले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि वहीत लिहिलं, सदोष पेरणी. मग मला विचारलं, "पेरणारीचा हात चुकला का?"

मी म्हटलं, "हो साहेब."

तेव्हा मला खरं ठाऊक नव्हतं, अशी सवलत मी स्वतःला देऊ शकले असते. पण मला ठाऊक होतं. आदल्याच दिवशी खोलीत रिकामं पोतं झटकलं तेव्हा तळाशी मूठभर बी निघालं होतं आणि ती निव्वळ ज्वारी होती. मी बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ज्वारी-बरबटी मिसळून भरली आणि हलवली. झाकण उघडलं तर टपोरी बरबटी सगळी वर आणि बारकी ज्वारी सगळी खाली. म्हणजे साहेबांनी सांगितलेला तो संसार मी पोत्यावर बसून, खड्ड्याखड्ड्यांतून आणत मोडला होता. पहिली ओटी वरून भरली, ती बरबटीची. शेवटची तळातून, ती ज्वारीची. मधली तेवढी खरी. गयाबाईला हे पोतं उघडताच दिसलं होतं.

नोकरी पक्की व्हायला अजून अवकाश होता. वडिलांचं दुकान बुडत आलं होतं आणि घरात माझ्याच पगाराकडे डोळे होते. ही कारणं मी तेव्हा रोज स्वतःला सांगत असे. आज लिहायला बसले तर ती कारणं फार लहान दिसतात. मी भ्याले होते, एवढंच खरं.

गयाबाई सुकडी वाटायला येतच राहिली. माझ्याकडे पाही, मी मान खाली घाली. फुलोरा आल्यावर नामदेवभाऊंनी ठरल्याप्रमाणे सगळं नांगरून गाडलं. मधल्या पट्ट्यात बरबटीचा वेल ज्वारीला धरून छातीपर्यंत चढला होता आणि तिथं नांगर नुसता काळ्या मातीतून जात होता. कार्तिकात गव्हाची पेरणी झाली. चाड्यावर दुसरी बाई होती. गयाबाई शेजारच्या कपाशीत वेचणीला होती. तिफण धुऱ्याजवळ आली की ती उभी राहून बघे आणि तिफण वळली की पुन्हा खाली वाके. मी रस्त्यावरून हे पाहिलं आणि सायकल न थांबवता निघून गेले. इतकं वाईट नोकरीत मी पुन्हा कधी वागले नाही.

पौषात गहू गुडघ्याच्या वर आला आणि वावरच बोलायला लागलं. खालचा पट्टा पिवळा. वरचा बरा, पण दम तुटल्यासारखा. मधला हिरवागार, काळसर म्हणावा असा. धुऱ्यावर उभं राहिलं की तीन पट्टे कुणी रंगवल्यासारखे दिसत. बातमी साहेबांपर्यंत गेली. ते आजूबाजूच्या गावांतले वीसेक शेतकरी घेऊन आले.

साहेब वावर पाहून हरखले. "वा! एका बाजूला नुसती बरबटी, एका बाजूला नुसती ज्वारी आणि मध्ये दोन्ही! काय आखणी आहे! बाई, मला आधी का नाही सांगितलं? लोक हो, या ग्रामसेविका बाईंनी मुद्दाम तीन पट्ट्यांचा प्रयोग केला आहे."

वीस माणसं माझ्याकडे कौतुकानं पाहू लागली. नामदेवभाऊही. काही बोलायचंसुद्धा नव्हतं, नुसतं उभं राहिलं असतं तरी भागलं असतं. पलीकडच्या कपाशीत शेवटची वेचणी चालू होती. बायांच्या रांगेत गयाबाईची उंच पाठ दिसत होती. तिनं सगळं ऐकलं असणार, साहेबांचा आवाज तसा दांडगा. पण तिनं वळून पाहिलं नाही. तिनं पाहिलं असतं तर मला राग आला असता, की माझ्यावर लक्ष ठेवते. तिनं पाहिलं नाही, म्हणूनच माझ्यानं राहवलं नाही.

मी म्हटलं, "प्रयोग नाही साहेब. चूक आहे. माझी."

माझ्या पिशवीत तो बिस्किटाचा डबा होता. पाच महिने मी तो घेऊन फिरत होते आणि बाहेर काढायची हिंमत होत नव्हती. मी तो उघडला, हातानं ज्वारी-बरबटी मिसळून सगळ्यांना दाखवली, झाकण लावलं आणि हलवत धुऱ्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. झाकण उघडलं. वर नुसती बरबटी. माणसं वाकून वाकून पाहू लागली. एक म्हातारा म्हणाला, "आता मायबाप! ह्या तं भांडून येगळ्या झाल्या!" सगळे हसले.

मी हसले नाही. मी म्हटलं, "पोतं मी भरलं आणि मीच त्याच्यावर बसून आले. असं पेरू नका, हे गयाबाईंनी मला पोतं उघडताक्षणी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तिन्ही पट्टे त्यांच्याच मुठीचे आहेत. उगवलं तेव्हा पट्ट्याच्या आत सगळे तास सारखे होते. हात त्यांचा चुकला नाही. मी खोटं बोलले."

साहेब लाल झाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, हे वर लिहायची गरज नाही, पट्टे तर छान आले आहेत ना. मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं आणि मला ताकीदपत्र आलं. तीस वर्षांच्या नोकरीतलं ते माझं एकमेव ताकीदपत्र. बाकी प्रशस्तिपत्रं कुठं गेली माहीत नाही, ते मात्र मी जपून ठेवलं आहे.

नामदेवभाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग धुऱ्यावर जाऊन कपाशीकडे तोंड करून ओरडले, "गयाबाई! अवो गयाबाई! चुकलं आमचं. येत्या मिरगात चाड्यावर तुम्हीच या!"

गयाबाई वळली. ओटीतला कापूस सावरत म्हणाली, "कपाशी तं होऊ द्या आधी." आणि परत वेचायला लागली. तिच्या शेजारची बाई मात्र पदर तोंडाला लावून रडत होती. विहिरीवर बोललेल्यांपैकी ती एक होती.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती भाकरी थापत होती; निर्धूर चूल फोडलेल्यांपैकी तीही एक. मी विचारलं, "तुम्ही काऊन नाही सांगितलं कोणाला? लोक इतकं बोलले."

ती तव्यावरची भाकर उलटत म्हणाली, "तुमची नोकरी नवी होती, ताई. माहा हात तं जुना हाये. तुमची नोकरी गेली असती तं परत कोनी देल्ली असती?"

मला रडू आलं. तिनं रडू दिलं. मग पाण्याचा हात भाकरीवर फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पण पाच महिने लय झाले, ताई. मले वाटे, आज सांगन, उद्या सांगन. मी रोज तुमची वाट पाहून राह्यली होती."

तिनं ताटात गरम भाकर वाढली, वर बेसन, आणि म्हणाली, "खा."

पुढच्या मृगात मी बघायला गेले. तिनं पदराची ओटी मधोमध गाठ मारून दोन भाग केली. डावीकडे ज्वारी, उजवीकडे बरबटी. दोन मुठी ज्वारी, एक मूठ बरबटी, दोन मुठी ज्वारी, एक मूठ बरबटी, पाय न थांबवता. ओटी भरून दिली ती वहिनींनी स्वतः. नंतर आजूबाजूच्या गावांतल्या बाया तिच्याकडून ती गाठ शिकून गेल्या. परिपत्रकात कुठंही ती गाठ नाही. मी वर लिहून कळवलं होतं, उत्तर आलं नाही.

सगळीकडे असं होत राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण योजना बंद पडली, जशा पडतात. ऐंशीच्या दशकात पुढे सोयाबीन आलं आणि पावसाळ्यात कुणाचं रान रिकामं राहिलं नाही. पेरायला यंत्रं आली. त्याचा राग मला नाही. फक्त मुठीनं पेरणाऱ्या त्या बाया निंदणापुरत्या उरल्या, याचं वाईट वाटतं.

नामदेवभाऊंचं नाल्याकाठचं वावर मात्र त्यांच्या हयातीत पुन्हा उघडं पडलं नाही. मुरूम दिसेनासा झाला. मी दिसले की ते म्हणत, "हाडं झाकली बाई, हाडं झाकली."

माझी बदली झाली तेव्हा गयाबाई फाट्यापर्यंत पोचवायला आली. माझी ट्रंक तिनं डोक्यावर घेतली होती, मला उचलू दिली नाही. एसटी दिसल्यावर तिनं कमरेचा केळ, लुगड्याचा ओचा, सोडला आणि दोन पुरचुंड्या माझ्या हातात दिल्या. एकीत ज्वारी, एकीत बरबटी. वेगवेगळ्या गाठी मारलेल्या.

"रस्त्यानं हलते, ताई," ती म्हणाली. "तिथं पोचल्यावर मिसळजा."

मी गाडीत बसले. खिडकीतून हात हलवायचा होता, पण दोन्ही हातांत पुरचुंड्या होत्या. गाडी सुटली. तो रस्ता अजून तसाच होता. कंडक्टर तिकिटाला आला आणि माझे दोन्ही हात गुंतलेले पाहून म्हणाला, "बाई, ठेवा ना थे खाली. एका पिशवीत टाका दोन्ही."

मी म्हटलं, "नाही हो. आता नाही."